तयार प्रथमोपचार पेटी गळ्याच्या जखमेला पुरते का?

मेडिकलमध्ये ‘फर्स्ट एड बॉक्स’ मागितला की साधारण तीनशे ते सातशे रुपयांत एक लाल डबा किंवा चेनचा पाऊच हातात येतो. कंपनी कुठलीही असो, आतला ऐवज जवळपास तोच: पाच-सहा गुंडाळी बँडेज, कापसाचं पाकीट, दहा-बारा चिकटपट्ट्या, पोव्हिडोन आयोडिनची चिमुकली बाटली, कागदी टेप, बोटभर लांबीची कात्री, एखादं क्रेप बँडेज आणि जागा उरली म्हणून घातलेला चिमटा. गुडघा खरचटला, बोट कापलं, पाय मुरगळला तर ही पेटी झकास. पाचापैकी चार गुण. पण जानेवारीत दुचाकीवरून जाताना गळ्यात नायलॉन मांजा अडकला, तर याच पेटीला दीडच्या वर गुण देता येत नाहीत. परीक्षा मुद्दाम गळ्यावर घेतली आहे. संक्रांतीच्या आधी डिकीत पेटी टाकणारे बरेच जण नेमक्या याच भीतीने ती घेतात.

पेटी नापास का होते हे कळायला आधी जखम पाहावी लागते. सुती मांजाला खळ आणि काचेची पूड लावलेली असते. तोही कापतो, पण जोर आला की बहुतेकदा तुटतो. नायलॉनचा धागा तुटत नाही. तो ताणला जातो, आणि गाडी पुढे जात राहते तसा सुरीसारखा ओढला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी मांजा गुंडाळायची नागपूरची चक्री असो, येवल्याची आसारी असो की पुण्या-मुंबईची फिरकी, त्यावर हा धागा अजून सापडतोच.

त्याने झालेली जखम बघणाऱ्याला फसवते. बाहेरून एक बारीक आडवी रेघ दिसते. मान जरा खाली झुकली की कडा मिटतात आणि ‘थोडंसं कापलंय’ असं वाटतं. गळ्याच्या कातडीखाली प्लॅटिस्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू असतो. जखम त्याच्या आत गेली असेल तर रक्त कमी दिसो वा जास्त, ते काम शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाचं. रस्त्यावर उभं राहून ती आत गेली आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही, आणि बोट घालून बघणं हा तर गुन्हाच समजावा. म्हणून गेलीच आहे असं धरून चालायचं.

मधोमध कंठमणी, स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका. दोन्ही बाजूंना, कानामागून हसळीकडे, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाकडे, तिरक्या उतरणाऱ्या जाड स्नायूच्या आड, मेंदूला रक्त नेणारी धमनी आणि तिथून परतणारी मोठी शीर. त्याच स्नायूवरून, कातडीच्या अगदी खाली, आणखी एक शीर जाते; गाणाऱ्याच्या मानेवर फुगलेली दिसते ती. मांजाला पहिल्यांदा बहुधा तीच सापडते. तिथून गडद रक्त संथ पण सतत वाहतं. लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळत असेल तर धमनी.

रक्त जाणं हा एकच धोका नाही. तेच रक्त श्वासनलिकेत उतरलं तर माणूस आतल्या आत गुदमरतो. आणि तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: बसलेल्या माणसाच्या मानेतल्या शिरेतला दाब श्वास घेताना बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, त्यामुळे उघडी शीर हवा आत ओढून घेते. ती हवा हृदयात पोचून रक्ताचा रस्ता अडवू शकते. त्यामुळे मानेतल्या शिरेची जखम झाकायची ती हवाबंद. लाल डब्यात हवाबंद झाकण्यासाठी काहीच नसतं.

आता डबा उघडू.

गुंडाळी बँडेज. संख्या भरपूर, पण बहुतेक अरुंद, पाच किंवा साडेसात सेंटिमीटरची, विरळ विणीची आणि निर्जंतुक न केलेली. खरा दोष मात्र कल्पनेतच आहे. ही सगळी पेटी ‘गुंडाळायचं’ या एका क्रियेवर उभी आहे, आणि गळा हा शरीराचा असा भाग आहे जिथे गुंडाळणंच जीवघेणं. मानेभोवती फेरे दिले की एका बाजूच्या जखमेवर दाब देताना दुसऱ्या बाजूची धमनी दबते आणि श्वासनलिकाही आवळली जाते. शिवाय आत सूज वाढत असते. दहा मिनिटांपूर्वी सैल वाटलेलं बँडेज नंतर फास होतं.

कापूस. उघड्या जखमेवर तो नकोच. तंतू रक्तात चिकटून बसतात, ते काढताना गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. श्वासनलिका उघडी असेल तर तंतू आत ओढले जाऊ शकतात. बोळा रक्त शोषतो, थांबवत नाही.

पोव्हिडोन आयोडिन. खरचटण्यावर उत्तम. गळ्याच्या खोल जखमेत कुठलंही द्रव ओतायचं नाही. आयोडिन नाही, डेटॉल नाही आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर मुळीच नाही, कारण त्याच्या फेसातून वायू सुटतो. हळद, चुना, कॉफी, तंबाखू यांचंही तेच. भुकटी श्वासात जाते आणि शल्यचिकित्सकाला आधी ती धुऊन काढावी लागते.

कागदी टेप. कोरड्या, स्वच्छ कातडीवर छान चिकटतो. घाम, रक्त आणि दाढीचे खुंट एकत्र आले की सोडून देतो.

कात्री हा या पेटीतला सर्वांत चीड आणणारा भाग. पत्र्याची, टोकदार, चिकटपट्टी कापण्यापुरती. जर्किनची कॉलर, हेल्मेटचा पट्टा किंवा ओढणीचा पीळ तिच्याने कापला जात नाही, आणि टोक गळ्याजवळ न्यायचं म्हणजे दुसरी जखम. हातमोजे काही पेट्यांत असतात, पण पुष्कळदा ते पाणीपुरीवाल्याच्या हातात दिसणारे पातळ प्लास्टिकचे. ओल्या हातातून निसटतात आणि बोटांना दाबाचा अंदाज येऊ देत नाहीत.

महागड्या ‘ट्रॉमा किट’मध्ये कधी मानेचा कडक पट्टा म्हणजे कॉलर असते, कधी रक्त थांबवायचा आवळपट्टा. आवळपट्टा हातापायांसाठीच, मानेला लावायचा विचार करणारा कुणी असेल असं वाटत नाही, तरी लिहून ठेवलेलं बरं. कॉलरबद्दल पुढे येईल.

डबा फेकून द्यायची गरज नाही. कापूस आणि चिमटा बाहेर काढला की जी जागा होते तिच्यात पुढचं सामान बसतं. नायट्राइलच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या, हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण पहिली घाईत फाटते. दहा बाय दहा सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉजचे, म्हणजे जाळीदार सुती कापडाचे, तुकडे, निदान दहा. दहा सेंटिमीटर रुंदीच्या गॉज बँडेजच्या दोन गुंडाळ्या, प्रत्येकी तीन-चार मीटर. दोन गॅमजी पॅड. सर्जिकल सामानाच्या दुकानात याच नावाने मिळतात, आत कापूस असला तरी तो गॉजमध्ये शिवलेला असतो, त्यामुळे गॉजच्या थरावर ठेवायला हरकत नाही. चिकट टेप कागदी नको, कापडी हवा. दुकानदाराला ‘ल्यूकोप्लास्ट’ म्हटलं की कळतं. पाच सेंटिमीटरच्या आतला घेऊ नका. ताणला जाणारा डायनाप्लास्ट मिळाला तर अधिक चांगला. बोथट टोकाची मोठी कात्री, जिला सर्जिकलवाले ‘ट्रॉमा शिअर’ म्हणतात. जाड कापड आणि पट्टा ती सहज कापते. आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा, साधारण वहीच्या पानाएवढा. त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका. निर्जंतुक गॉज ज्या पाकिटात येतो त्याची आतली प्लास्टिक बाजू स्वच्छच असते. पाकीट फाडताना एका कडेने नीट उघडा, म्हणजे तोच तुकडा वापरता येतो.

खरेदी करताना पाकीट बोटाने दाबून बघावं. शिवणीतून हवा निघत असेल तर निर्जंतुकपणा गेला. उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत आणि निर्जंतुक करण्याची पद्धत या चारही गोष्टी पाकिटावर छापलेल्या हव्यात. ज्या गॉजवर यातलं काहीच नाही तो स्वस्त पडला तरी घेऊ नये.

रक्त गोठवणाऱ्या गॉजबद्दल बरीच चौकशी होते. काहींत केओलिन म्हणजे एक प्रकारची माती असते, काहींत कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान. भारतात ॲक्झिओस्टॅट हे कायटोसानचं उत्पादन बनतं. ते जखमेला चिकटून बसतं आणि काढताना सलाइनने किंवा पाण्याने भिजवावं लागतं. वस्तू म्हणून ही ड्रेसिंग्ज चांगली आहेत, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ती ठेवून हात काढून घेतला तर काही उपयोग नाही. साधारण तीन मिनिटं, किंवा पाकिटावर लिहिलं असेल तेवढा वेळ, दाब द्यावाच लागतो. आणि स्पंजाच्या रूपातलं ड्रेसिंग अरुंद, खोल चिरेत नीट पोचत नाही. तिथे घडी घातलेल्या पट्टीच्या रूपातला गॉज हवा. जखमेत गॉज ठासून भरणं हे शिकलेल्याचं काम आहे आणि श्वासनलिकेजवळ तर त्यानेही जपून करायचं. प्रशिक्षण नसेल तर तेच पैसे साध्या गॉजवर आणि चांगल्या कात्रीवर घालवा. जुन्या पिढीची झिओलाइटची भुकटी कुठे मिळालीच तर घेऊ नका. ती रक्तात भिजली की तापते, भाजल्याच्या जखमा होतात.

आता सामान हातात आहे असं धरून क्रम.

गाडी बाजूला आणि रस्त्यावर एक माणूस हात दाखवत उभा. तोच मांजा अजून रस्त्यावर आडवा ताणलेला असतो आणि मागून दुसरी दुचाकी येत असते, हे गडबडीत विसरलं जातं. दुसऱ्याने १०८ लावायचा. मांजा गळ्यात असेल तर ओढायचा नाही, सोडवायचाही नाही. दोन्ही बाजूंनी ढील देऊन कात्रीने कापायचा. उघड्या हाताने ताणलेला नायलॉन धरला तर बोटं जातात. आत रुतलेला तुकडा रुतलेलाच राहू द्या. काच किंवा पत्रा घुसला असेल तर त्यालाही हाच नियम. तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना गॉजच्या गुंडाळ्या ठेवायच्या.

माणसाला कसं ठेवायचं ते त्याच्या श्वासावर ठरतं. श्वास नीट चालू आहे, बोलतोय, पण रक्त वाहतंय: आडवं झोपवा, उशी नको. त्याने शिरेतला दाब वाढतो, हवा शिरत नाही. तोंडातून रक्त येतंय, घरघर आहे, आडवं होताच गुदमरतोय: बसवा, पुढे झुकवा, रक्त तोंडावाटे बाहेर पडू द्या. दोन्ही एकदम असेल तर श्वास पहिला. असा माणूस स्वतःहून ज्या स्थितीत बसायला धडपडतो ती बहुतेक वेळा बरोबर असते, त्याला जबरदस्तीने झोपवू नका.

हातमोजे घालून गॉजचा जाड थर रक्त येतंय त्या नेमक्या ठिकाणी ठेवा आणि बोटांच्या सपाट भागाने दाबा. दाब मागे, मणक्याच्या दिशेने. मधल्या नळीकडे नाही. अंगठा दुसऱ्या बाजूला टेकवून मान चिमटीत धरायची सवय हाताला असते, ती मोडा. एका वेळी एकच बाजू. निदान दहा मिनिटं न उचलता. ‘थांबलं का बघू’ म्हणून मिनिटामिनिटाला गॉज उचलणं ही सर्वांत जास्त होणारी चूक, प्रत्येक वेळी नवी गुठळी निघून येते. गॉज भिजला तर वर आणखी ठेवा. तरीही वाहतच असेल तर बहुधा बोटं चुकीच्या जागी आहेत. मग एकदाच, झटकन, जागा पाहून सरकवा.

बाजूच्या शिरेची जखम असेल तर गॉजवर प्लास्टिक, जखमेच्या कडेपासून चारही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर पुढे जाईल असं, आणि चारही कडा टेपने बंद. छातीच्या जखमेला एक कड उघडी ठेवायची असं काहींनी वाचलेलं असतं. तो नियम इथे आणू नका. वरून गुंडाळी बँडेज लावायचंच तर ते गळ्याभोवती नाही. जखमेवरून निघून विरुद्ध बाजूच्या काखेखालून फिरवून परत जखमेवर, जानव्यासारखं तिरकं. इस्रायली पद्धतीचं दाब-बँडेज मिळालं असेल तर तेही असंच, आणि त्याचा प्लास्टिकचा दाबखिळा मधल्या नळीवर येणार नाही हे पाहून. खरं तर रुग्णालय पंधरा-वीस मिनिटांवर असेल आणि मदतीला माणूस असेल तर बँडेजच्या भानगडीत न पडता हात तसाच ठेवणं चांगलं. हातासारखा दाब कुठलीही पट्टी देत नाही.

एक प्रकार अगदी वेगळा. जखम मधोमध आहे, श्वासाबरोबर तिथून बुडबुडे येतात, फसफस ऐकू येते, आवाज फुटत नाही. श्वासनलिका उघडली आहे. आता तेच छिद्र त्याचा श्वासाचा रस्ता आहे. ते हवाबंद केलं तर माणूस जाईल. त्याला पुढे झुकवून बसवा, छिद्राच्या कडेकडेने गॉज धरून रक्त आत उतरू देऊ नका, छिद्र मोकळं ठेवा. पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या सूचनांत हा भेद सापडत नाही. तिथे ‘जखम झाका’ एवढंच असतं.

पाणी पाजायचं नाही, कितीही मागितलं तरी. अंगावर पांघरूण घाला. रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गार पडतो. साठ किलोच्या माणसात साधारण चार-सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातलं तिसरा हिस्सा गेलं की रक्तदाब कोसळतो. त्याआधीच घाम, अस्वस्थपणा, फिकट ओठ आणि जलद नाडी दिसू लागतात. शुद्ध गेली आणि श्वास थांबला तर छाती दाबणं सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. जखमेवरचा हात दुसऱ्याने सोडायचा नाही.

गळ्याची प्रत्येक इजा रक्ताची नसते, आणि तिथे पेटी आणखीच निरुपयोगी ठरते. ओढणी किंवा पदर मागच्या चाकात जाणं, आडव्या तारेवर किंवा दोरीवर गळा आदळणं, हँडल लागणं, कबड्डीत कोपर बसणं. मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आच्छादन दुचाकीला असावं असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो. तेच साडी गार्ड, जे पुष्कळ जण गाडी छान दिसावी म्हणून काढून टाकतात. ओढणी अडकली तर इंजिन बंद करा, चाक फिरवत बसू नका, गळ्याजवळ बोट शिरेल तिथे कात्रीने कापा. इथे मोठ्या कात्रीचे सगळे पैसे वसूल होतात. पीळ पडलेली ओढणी पेटीतल्या कात्रीने कापायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या माणसाकडे नसतो.

पुढे लक्ष ठेवायचं ते आवाजावर. आवाज घोगरा झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा सूर येतो, थुंकीत रक्त आहे, गिळताना दुखतं, किंवा मानेची कातडी दाबल्यावर चुरमुऱ्यांसारखी करकरते, यातलं एकही असेल तर स्वरयंत्र किंवा नळीला इजा आहे असं धरून चाला. करकर म्हणजे हवा फुटून कातडीखाली आली आहे. यातलं काही नसलं तरी जोराचा मार असेल तर तपासणी हवीच. आतली सूज काही तासांत वाढते, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी गेलेला माणूस रात्री गुदमरतो.

आता कॉलर. पडल्यावर मान हलू न देणं बरोबर, त्यासाठी डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. पण कापलेल्या गळ्यावर कडक कॉलर चढवली की जखम दिसेनाशी होते, रक्त आत साचतं, सूज कळत नाही आणि दाब द्यायला जागा उरत नाही. हातापायांत बधिरपणा किंवा लुळेपणा नसेल तर अशा जखमेत ती सहसा लावत नाहीत. पेटीत कॉलर आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका.

प्रतिबंधाच्या दोन वस्तूंवरही थोडं, कारण त्या याच दुकानांच्या आसपास विकल्या जातात. गळपट्टा म्हणजे नेक गार्ड: रेक्झिनचा, चामड्याचा किंवा जाड फोमचा. निवडताना उंची बघा. हनुवटीखालच्या खाचेपासून दोन हसळ्यांमधल्या खळग्यापर्यंत, आणि बाजूंना कानाखालपर्यंत झाकलं गेलं पाहिजे. बाजारातले पुष्कळ पट्टे नुसते समोर रुंद आणि बाजूंना निमुळते असतात, आणि शिरा तर बाजूंनाच. बंद मागे वेल्क्रोचा असावा. बकल असेल तर ओढ बसल्यावर सुटत नाही. मफलर तीनपदरी गुंडाळला तर काही नसण्यापेक्षा बरा, पण टोकं आत खोचा, नाहीतर चाकाची आठवण करून द्यावी लागेल. फुल-फेस हेल्मेट हनुवटी वाचवतं, गळा नाही.

दुसरी वस्तू हँडलवर आरशाशेजारी उभारायची तार किंवा गज, गुजरातेत उत्तरायणाला सर्रास दिसते तशी. कल्पना चांगली आहे, अट एकच: कमानीचं टोक बसलेल्या चालकाच्या डोक्याच्या वर गेलं पाहिजे. छातीपर्यंतच पोचणारा गज मांजा अडवत नाही, उलट त्याला नेमका गळ्याकडे सरकवतो. उंच कमानीला चार गुण, बुटकीला शून्य. सणाच्या दिवशी उड्डाणपूल टाळणं फुकट पडतं. पूल पतंगांच्या उंचीवर असतो आणि गाडी वेगात असते.

१०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. फोनवर ‘ॲक्सिडेंट झालाय’ एवढं सांगू नका. ‘गळा कापलाय, रक्त थांबत नाही’ किंवा ‘श्वासाला बुडबुडे येतायत’, वय, आणि मैलाचा दगड, पुलाचा खांब, पेट्रोल पंप अशी खूण सांगा. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा कार चालेल, दाबणारा हात सोबत बसला पाहिजे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. जायचं ते शस्त्रक्रिया, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालून घेणं म्हणजे आतली जखम झाकून ठेवणं. नागपुरात ‘मेडिकलला न्या’ म्हटलं तर ते सरकारी रुग्णालय. मराठवाड्यातून आलेला पाहुणा औषधाचं दुकान शोधत बसेल, तेव्हा पूर्ण नाव सांगा. पोलीस चौकशीच्या धाकाने मागे सरणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं १३४ अ हे कलम अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याला आपलं नाव सांगायचीही सक्ती नाही.

पेटी डिकीत ठेवणार असाल तर उन्हाळ्यानंतर एकदा उघडा. तापलेल्या डिकीत टेपचा गोंद पाझरतो आणि गुंडाळी एकजीव होते, नायट्राइलचे मोजे चिकटतात, पावसात पाऊचच्या चेनमधून पाणी जाऊन गॉजची पाकिटं फुगतात. सगळं एका झिपच्या पिशवीत घालून मग डब्यात ठेवा. कात्री आणि हातमोजे सर्वांत वर, पोव्हिडोनची बाटली तळाशी.